दुर्गाघाटावर वाडा घेताना

काशीत दुर्गाघाटाच्या पायऱ्या चढून गल्लीत शिरलं की मराठी माणसाला उगाचच वाटतं, इथे आपलंही एखादं घर असायला हवं होतं. पंचगंगा आणि ब्रह्माघाट यांच्या मधला हा घाट. गल्ली इतकी अरुंद, की समोरून बैल आला तर मुकाट्याने कुणाच्या तरी ओट्यावर चढायचं. आणि त्या ओट्यामागच्या दारातून कधीकधी मराठी बोलणं कानावर येतं.

त्याला कारण आहे. पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर यांनी १७४० च्या सुमारास इथली जागा मल्लाह नावाड्यांकडून विकत घेतली, दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट बांधले, भोवती दक्षिणी ब्राह्मणांची वस्ती वसवली. जागा विकत घेतली, जिंकली नाही. पुढे अटकेपर्यंत घोडी नेणाऱ्या मराठ्यांच्या हाती काशी शेवटपर्यंत लागली नाही. १७३५ साली बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई यात्रेला निघाल्या, त्याही काशीत पाहुण्याच होत्या. परमुलखात मराठी माणसाला पाय टेकायला जागा मिळाली ती अशी, रीतसर दाम मोजून.

त्या जागेवर उभी राहिली पाहुणचाराची एक रीत. यात्रेकरूने आपलं गाव आणि आडनाव सांगायचं, क्षेत्रोपाध्यांनी चोपडी उघडून त्याच्या आजोबांचं नाव दाखवायचं, आणि माडीवरची खोली द्यायची. भाड्याचा फलक नसे. निघताना दक्षिणा यथाशक्ती.

असाच एक वाडा विकायचा आहे असं कळलं, आणि मी तो पाहायला गेलो. मधल्या चौकावर माकडांसाठी लोखंडी जाळी. सकाळी जाळीची सावली खाली फरशीवर पडते आणि वाळत घातलेल्या धोतरांवरून हळूहळू सरकत जाते. जिना उंच पायऱ्यांचा, अंधारा. धरायला भिंतीत ओवलेला जाड दोर. गच्चीवरून मात्र अख्खी गंगा. दलालाने गच्ची आधी दाखवली आणि जिन्याबद्दल बोलायचं टाळलं. विश्वनाथाचं नवं प्रांगण २०२१ च्या डिसेंबरात खुलं झाल्यापासून प्रवाशांचा लोंढा कसा वाढलाय, खोल्या कशा भरतील, याचा हिशेब त्याने तोंडपाठ केला होता. काठापासून दोनशे मीटरांत नवं बांधकाम करता येत नाही, फक्त डागडुजी, हे मलाच विचारून काढावं लागलं. वारस चार गावांत, तळमजल्यावर जुने भाडेकरू, हेही तसंच.

वाडा सांभाळणाऱ्या आजी चौकात गहू निवडत बसल्या होत्या. दलाल फोनवर बोलायला बाहेर गेला तशा म्हणाल्या, “घ्याल हो तुम्ही. पण रात्री दोनच्या गाडीने म्हातारी माणसं येतात, अस्थी घेऊन. त्यांना दार कोण उघडणार? तुम्ही की तुमचा नोकर?”

माझ्या हिशेबात खोल्या होत्या, गाद्या होत्या, न्याहारी होती. हा प्रश्न नव्हता.

कार्तिकात इथे कुणीही यजमान होऊ शकेल. पंचगंगेवर बांबूंच्या टोकाला आकाशदिवे लागतात, देवदिवाळीला गच्चीवर उभं राहण्याचेही पैसे मिळतात. कस लागतो तो पावसाळ्यात. श्रावण-भाद्रपदात गंगा घाटाच्या पायऱ्या गिळते, नावा बंद होतात, ओळीने सगळे घाट पाण्याखाली जाऊन एका घाटावरून दुसऱ्यावर जाण्याची वाट मोडते. पाणी उतरलं की हातभर गाळ उरतो. पंप लावून तो लगेच धुवावा लागतो, वाळला की दगडासारखा घट्ट बसतो. त्या दिवसांत हौशी पाहुणा फिरकत नाही. अस्थी घेऊन येणारा मात्र येतो, कारण त्याला मुहूर्त निवडता येत नाही.

म्हणून वाड्याची किंमत मी अजून विचारलेली नाही. खरेदीखताने भिंती नावावर होतील. चोपडीतली माणसं होणार नाहीत. आधी एक भाद्रपद तिथे राहून काढावा, दोनच्या गाडीला आपण स्वतः उठतो का ते पाहावं. उठलो, तर मग भावाचं बोलता येईल.