दोन पेगांचा हिशेब

आम्हां बेळगावकरांना देवास हे गाव ठाऊक असते ते कुमार गंधर्वांमुळे. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले कुमारजी क्षयाच्या आजारात १९४८ साली माळव्याच्या कोरड्या हवेत राहायला गेले आणि बरे होऊन तिथलेच झाले. माझ्या आईला मात्र देवास म्हणजे तिची धाकटी बहीण. पवारांचे ते जुने संस्थान. एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये नांदत होती. त्या काळी तिकडे गेलेली मराठी घरे देवासला आणि धारला अजून आहेत, आणि मावशीला अशाच एका घरात दिले. आमच्या घरी आईची मराठी आणि वडिलांची कानडी. मावशीकडे मराठी आणि हिंदीची मिसळ. सुट्टीत गेलो की पहिले दोन दिवस माझी जीभ अडखळते, पण पोहे-जिलबी खायला भाषा लागत नाही.

काका खाण्याचे शौकीन. दारूचे नव्हेत, हे आधीच सांगतो. होळीला, नाहीतर एखाद्या लग्नात ते दोन पेग घेत आणि घरी येऊन शहाण्यासारखे झोपत. वजन मात्र १२२ किलो, जोडीला मधुमेह. २०११ साली नितीन गडकरींनी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हापासून असे काही असते हे मराठी घरांतून माहीत झाले होते. काकांनी दहा वर्षे विचार करून २०२१ च्या शेवटी इंदूरला गॅस्ट्रिक बायपास करून घेतले. यात जठराचा वरचा छोटासा भाग तेवढा पिशवीसारखा ठेवतात आणि तो थेट लहान आतड्याला जोडतात. दोन घास खाल्ले की पोट भरते. माझी कानडी आजी 'साकु' म्हणत ताट बाजूला सारते, तसे काकांचे पोटच 'साकु' म्हणू लागले. वर्षभरात वजन ८१ वर आले आणि साखर ताब्यात आली. शर्ट पुन्हा शिवावे लागले, आणि मावशी तर फोनवर दुसरे काही बोलतच नसे. ऑपरेशन वाईट होते असे मला मुळीच म्हणायचे नाही. त्यांचे आयुष्य त्याने वाढवले असेल.

२०२३ च्या फेब्रुवारीत धारला काकांच्या भाचीचे लग्न होते. आम्ही सगळे गेलो होतो. वरातीपूर्वी काकांनी नेहमीचे दोन पेग घेतले आणि पंधरा मिनिटांत त्यांची जीभ जड झाली. कार्यालयाच्या पायऱ्यांवर दोघांनी धरले म्हणून ते पडले नाहीत. पाहुण्यांत हशा पिकला. दुसऱ्या दिवशी काका स्वतःच म्हणाले, "पूर्वी चारांत जे होत नव्हतं ते आता दोनांत होतं. या महागाईत बरंच की!" पुन्हा हशा.

त्याच वर्षी एप्रिलपासून मध्य प्रदेश सरकारने दारूदुकानांना लागून असलेले अहाते बंद केले. रस्त्यावरचा धिंगाणा कमी व्हावा हा हेतू चांगलाच होता. आमच्याकडे एवढेच झाले की अधूनमधून मित्रांबरोबर अहात्यात बसणारे काका बाटली घरी आणू लागले. आधी शनिवारी, मग दिवसाआड. गेल्या मे महिन्यात मी गेलो तेव्हा संध्याकाळी सात वाजले की त्यांचे हात अस्वस्थ होत. मावशी काही बोलली की उत्तर ठरलेले: "दोनच तर घेतो. त्यात काय मोठंसं?" आणि ते खोटे बोलत नव्हते. बहुतेक रात्री दोनच असत.

पुढे त्यांना इंदूरला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले, तेव्हा मीही बरोबर होतो. दोनचा हा आकडा कसा फसवा आहे ते डॉक्टरांनी समजावून सांगितले. एरवी दारू जठरात थोडा वेळ रेंगाळते, तिचा काही भाग तिथेच मोडतो आणि उरलेली हळूहळू पुढे जाते. बायपासनंतर ती घोटासरशी लहान आतड्यात उतरते आणि काही मिनिटांत रक्तात भिनते. अशा स्त्रियांवर अमेरिकेत झालेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. दोन पेयांनंतर त्यांच्या रक्तात जेवढे मद्य सापडले तेवढे इतरांच्या रक्तात चारांनंतर असते. म्हणजे पेला तोच, माप बदललेले. आम्ही वाणिज्यवाले रुपयाचे मोल घसरले की जुन्या आणि नव्या आकड्यांची थेट तुलना करत नाही. काकांच्या घरी सगळे पेगच मोजत राहिले.

नंतर मी स्वतः थोडे वाचले. अमेरिकेतल्या दहा रुग्णालयांतल्या १,९४५ रुग्णांची पाहणी २०१२ साली प्रसिद्ध झाली होती. शस्त्रक्रियेआधीच्या वर्षात मद्याचा विकार ७.६ टक्क्यांना होता. पहिल्या वर्षी तो वाढला नाही, दुसऱ्या वर्षी मात्र ९.६ टक्क्यांवर गेला. याच पाहणीचे पुढचे निष्कर्ष २०१७ साली आले. आधीच्या वर्षात असा त्रास नसलेल्या बायपासच्या रुग्णांपैकी सुमारे एकपंचमांश जणांत पाच वर्षांत त्याची लक्षणे दिसली. अमेरिकेचे पिणे वेगळे आणि माळव्याचे वेगळे, तेव्हा ते आकडे इथे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण दुसरे वर्ष ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. पहिल्या वर्षी सगळे लक्ष ठेवून असतात. दुसऱ्या वर्षी माणूस बारीक झालेला असतो, तपासण्या चुकू लागतात आणि घरचे निर्धास्त होतात. काकांच्या तपासणीच्या कार्डावर वजन, साखर, हिमोग्लोबिन, बी-१२ असे रकाने आहेत. दारूचा रकाना नाही. ऑपरेशनपूर्वीच्या फॉर्मवर तो प्रश्न होता, आणि काकांनी प्रामाणिकपणे 'क्वचित' असे लिहिले होते.

मावशीने विम्याची पॉलिसी माझ्यापुढे टाकली. "तू कॉमर्सचा ना? वाच." विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली वगळण्याच्या कलमांची भाषा सर्व कंपन्यांसाठी एकसारखी केली. त्या भाषेप्रमाणे स्थूलतेवरची शस्त्रक्रिया एरवी वगळलेली असते, पण उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक ४० किंवा अधिक असेल आणि डॉक्टरांचा सल्ला वगैरे अटी पुऱ्या होत असतील तर खर्च मिळतो. काकांचा निर्देशांक ४३ होता, पैसे मिळाले. आणखी काही कलमे खाली गेल्यावर मद्यासक्तीचे उपचार आणि तिचे परिणाम वगळलेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मद्याशी निगडित विकार मानसिक आजारांत धरले आहेत आणि मानसिक आजारालाही विमा असावा असे म्हटले आहे. या कायद्याच्या आधाराने मी मावशीच्या नावे कंपनीला पत्र लिहिले आहे. उत्तर अजून आलेले नाही.

पुण्याच्या मुक्तांगणची चौकशी आईने केली होती. अवचट दांपत्याने १९८६ साली सुरू केलेले हे केंद्र आमच्याकडे सर्वांच्या ऐकिवात आहे. पण काका इंदूरलाच उपचार घ्यायला कबूल झाले. दारू एकाएकी स्वतःच्या मनाने तोडू नका, त्यात जिवाला धोका असतो, असे डॉक्टरांनी बजावले आणि चार दिवस दाखल करून घेतले. बायपासच्या माणसाला जीवनसत्त्वे आधीच कमी पडतात, त्यात दारू, म्हणून ब-१ ची इंजेक्शनेही दिली. याला आता सात आठवडे झाले. काका चिडचिडे झाले आहेत आणि संध्याकाळी टेकडीवर चामुंडेच्या दर्शनाला जातात. दर्शनापेक्षा ती सातची वेळ टळावी म्हणून जातात, असे मावशी म्हणते. कार्डावर तिने पट्टीने रेघ ओढून एक रकाना वाढवला आहे.

मार्गशीर्षात धारला पुन्हा लग्न आहे, काकांच्या पुतण्याचे. मावशीने जावेला आधीच फोन करून सगळे सांगितले. जाऊबाई म्हणाल्या, "अगं, घरचं कार्य आहे. दोन घोटांनी काय होतंय?" काका जायचेच म्हणतात. मावशीने अजून तिकिटे काढलेली नाहीत.