चाप

घडीच्या चाकूचे वर्णन करणारा कोणीही पात्यापासून सुरुवात करतो. पाते किती लांब, पोलाद कसले, धार किती दिवस टिकते. मग मूठ, मग बिजागरी. मुठीच्या पाठीवरच्या चापाकडे, ज्याला सगळेच क्लिप म्हणतात, लक्ष गेले तर अखेरीस आणि ओझरते जाते. वंशावळही त्याची फार मोठी नाही. फाउंटन पेन खिशाच्या काठाला अडकवण्याची सोय जुनी. चाकूला मात्र ती अमेरिकेतील कोलोराडोच्या स्पायडर्को या कंपनीने १९८१ मध्ये दिली आणि पुढे जगभरच्या कारागिरांनी उचलली. चाप कापत नाही, सोलत नाही; तो केवळ धरून ठेवतो. परंतु कापडाशी, घामाशी आणि बोटांशी रोजचा संबंध त्याचाच येतो आणि म्हणून सर्वांत आधी झिजतोही तोच.

रायपूरच्या जुन्या भागातील ब्राह्मणपारा ही वस्ती शस्त्रांच्या देखभालीशी एका वेगळ्याच नात्याने बांधलेली आहे. येथला कंकाली मठ वर्षातून एकदाच, विजयादशमीला, भाविकांसाठी उघडतो. नागा साधूंची म्हणून जपलेली तलवारी-भाल्यांसारखी शस्त्रे त्या दिवशी पूजेत मांडली जातात आणि पुन्हा वर्षभरासाठी दारे बंद होतात. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून छत्तीसगडात मराठी घरे रुजली. त्या घरांतील पूजा आदल्या दिवशी, खंडेनवमीला. तिथे तलवार कुठली असायला? विळी, अडकित्ता, कात्री, एखादा पाना, मुलांच्या कंपासपेटीतील कर्कटकसुद्धा पाटावर येते. पूजेपूर्वी या साऱ्यांचा गंज काढायचा, हा न लिहिलेला नियम.

अशाच एका घरात वडील गेल्यानंतरच्या पहिल्या नवरात्रात एका चाकूचा प्रश्न निघाला. मुलाने नोकरीच्या गावाहून आणून दिलेला तो घडीचा चाकू वडिलांनी काही वर्षे सदऱ्याच्या खिशाला लावून वापरला होता. रद्दीच्या गठ्ठ्याची सुतळी, पेरू, टपालाचे लिफाफे, एवढाच त्याचा पराक्रम. माघात वडील गेले. सदरा मागच्या खोलीतील खुंटीवर राहिला, चाकू सदऱ्याला राहिला आणि पावसाळा वरून गेला. आश्विनात आईने सदरा उतरवला तेव्हा खिशाच्या काठावर चापाच्या आकाराची तपकिरी रेघ उमटलेली होती.

आईने लिंबू आणि मीठ चोळून सदरा उन्हात टाकला आणि संध्याकाळपर्यंत रेघ गेलीही. लिंबातील आम्ल गंज विरघळवते, हे ती वर्षानुवर्षे करत आली होती. मुलाला ते लागले. चापाला हात लावायचाच नाही, चाकू होता तसा कपाटात ठेवायचा, असे त्याच्या मनाने घेतले. चापाच्या टोकाशी, जिथे वडिलांचा अंगठा पडत असे, तिथला काळा लेप पार उडून आतले पोलाद उघडे पडले होते आणि तिथली कडही घासून गोलसर झाली होती. नेमका गंजही त्याच जागी धरला होता.

“अरे, गंज काय त्यांचा आहे? तो पावसाचा आहे. तेवढा काढ,” आई म्हणाली.

वादाला जागा नव्हती. गंज थांबत नाही. तो पोलादात खोल उतरतो, बारीक खड्डे पाडतो, आणि ताणाखाली वाकणारी पट्टी अशाच एखाद्या खड्ड्याशी मोडते. तसेच ठेवणे म्हणजे सावकाश गमावणे होते.

स्क्रू तीनच, पण तारेच्या आकाराच्या खाचेचे आणि कारखान्यात डिंकासारख्या द्रवाने पक्के केलेले. जोर केला असता तर खाचा चेंदल्या असत्या. सोल्डरिंगचे तापलेले टोक क्षणभर टेकवल्यावर तो द्रव मऊ झाला. मग पाण्यात भिजवलेला काचकागद, आधी ४०० क्रमांकाचा, नंतर ६००, नंतर १०००. घासायचे एकाच दिशेने, लांबीला, म्हणजे राहिलेल्या रेघा परस्परांना छेदत नाहीत. सपाट भागावर कागदाखाली लाकडी ठोकळा धरला होता. टोकाशी येताच मुलाने ठोकळा बाजूला ठेवला. ठोकळ्याने कड पुन्हा सरळ, धारदार झाली असती. कागद नुसत्या अंगठ्याखाली धरला की गोलाई राहते. त्याचा अंगठा तिथे बरोबर बसला.

आता रंग. पोलाद तापवले की सुमारे २३० अंश सेल्सियसला फिके पिवळे, ३०० च्या आसपास निळे होते; ही पृष्ठावरील ऑक्साइडच्या अतिपातळ थरात चाललेली प्रकाशाची लीला. गॅसच्या शेगडीवर हा निळा मिळाला असता, पण ताप जरा पुढे गेला तर राखाडी रंग येतो आणि पट्टीचा लवचीकपणाही उतरतो. चापाचा चापपणा गेल्यावर रंगाचे काय करायचे?

उपाय घरातच निघाला. छत्तीसगडच्या जंगलांत हिरडा विपुल. इथे त्याला हर्रा म्हणतात आणि आईच्या औषधाच्या डब्यात तो असतोच. त्यातील टॅनिन आणि लोह एकत्र आले की निळसर काळा रंग धरतो. हिरडा आणि हिराकस यांची जुनी शाई याच नात्यावर उभी होती. गंज न चढणाऱ्या पोलादाला हा रंग नीट धरत नाही. या चापाने मात्र गंजूनच आपली जात सांगितली होती. हिरडे कुटून स्टीलच्या पातेल्यात उकळले, लोखंडी कढईत नव्हे, नाहीतर तीच आधी काळी व्हायची. चाप स्पिरिटने पुसून, बोट न लावता, दोऱ्याने काढ्यात सोडला. अर्ध्या तासाने राखाडी, दुसऱ्या बुडवणीला करडा-निळा, तिसऱ्याला काळा. धुऊन, सुकवून वर जवसाच्या तेलाचा पातळ हात दिला. जवसाचे तेल हवेत सुकून कातडीसारखा थर धरते. (त्या तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नये, आपल्याच उष्णतेने ती पेटू शकते.) हा काळा रंग कारखान्याच्या लेपाइतका टिकणार नाही. अंगठा पडेल तिथे तो पुन्हा उडेल, आणि या खेपेला अंगठा दुसऱ्याचा असेल.

नवमीला सकाळी चाकू पाटावर गेला, विळी आणि अडकित्त्याच्या मध्ये. आईने प्रत्येकावर हळदकुंकू वाहिले. जवसाचे तेल अजून पुरते सुकलेले नव्हते. चापावर पडलेली हळद त्यात चिकटली. मुलाने पुसायला कापड उचलले.

“राहू दे,” आई म्हणाली, “आज त्याला हात लावायचा नाही.”