या वयात डोंगर कशाला?

त्या दवाखान्यातलं बोलणं आठवलं की अजून माझं डोकं तापतं. मी आणि नवरा, दोघंही वार्षिक तपासणीचे रिपोर्ट घेऊन गेलो होतो. तो माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, साठीला टेकलेला. साखर काठावर, पोट सुटलेलं, वजन नव्वदच्या घरात. डॉक्टर त्याला म्हणाले, "हालचाल वाढवा. रविवारी सिंहगड चढत जा. सुरुवातीला जड जाईल, मग होईल सवय." नंतर माझे कागद उचलले. रक्तदाब, साखर, ईसीजी, सगळं जागच्या जागी होतं. मी विचारलं, "तीन वर्षं काहीच व्यायाम झालेला नाही. पुन्हा गड चढायला लागू का?" कागदांवरची नजर न काढता ते म्हणाले, "या वयात डोंगर कशाला? गुडघे जपा. बागेत अर्धा तास फिरा, पुष्कळ झालं."

माझ्या गुडघ्यांना त्यांनी हात लावला नव्हता. दुखतात का, सुजतात का, जिना उतरताना त्रास होतो का, एकही प्रश्न नाही. मी किती वर्षं गड चढत होते हेही विचारलं नाही. मुलगा शाळेत जायला लागल्यापासून मी बहुतेक रविवारी सिंहगडाच्या पायथ्याच्या आतकरवाडीतून चढत होते. नवरा गडावर आजवर गाडीनेच गेलेला. तरी त्याला सवय होईल आणि माझं वय झालं, असा निकाल एकाच टेबलावर, पाच मिनिटांच्या अंतराने लागला. रिक्षात नवरा म्हणाला, "अगं, काळजीपोटी बोलले ते." असेल काळजी. पण काळजी वाटली तर माणूस तपासतो. साठ किलोंच्या बाईचे गुडघे न बघता नाजूक ठरवायचे आणि नव्वद किलोंच्या पुरुषाला डोंगर दाखवायचा, ही कसली काळजी? आणि तिथेच हे बोलायचं सोडून मी "बरं" म्हणून उठले. पन्नाशीच्या बायकांना असं "बरं" म्हणत उठायची सवय लागलेली असते. ती कुणी लावली, हा वेगळा लेख होईल.

मधली तीन वर्षं सांगण्यासारखी फार नाहीत. सासूबाईंना पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली, त्या अंथरुणाला खिळल्या आणि गेल्या पावसाळ्यात गेल्या. त्यांना सांभाळायला येणाऱ्या ब्यूरोच्या मावशींची सुट्टी रविवारी असायची, म्हणून माझा रविवार संपला. "तू गडावर जाऊ नकोस" असं कुणीच म्हटलं नाही. "तू जा, मी बसतो आईपाशी" असंही कुणी म्हटलं नाही. घरात आजारपण आलं की पुरुषाचा क्रिकेटचा ग्रुप आणि सकाळचा कट्टा चालू राहतो. बाईचा व्यायाम मात्र पहिल्याच आठवड्यात सुटतो आणि त्याची नोंदही होत नाही. सासूबाईंचं केलं याबद्दल माझी तक्रार नाही. मला त्या हव्या होत्या.

मला धीर दिला तो त्यांच्यासाठी घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मुलीने. त्यांचा हात हलवता हलवता तिने एकदा डॅलसमधला प्रयोग सांगितला होता. 1966 साली विशीतल्या पाच तरुणांना तिथे तीन आठवडे बिछान्यात झोपवून ठेवलं. शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं, ही क्षमता त्यांच्यात पाव हिश्शाहून जास्त घटली. 1996 मध्ये तेच पाच जण पन्नाशीत असताना पुन्हा तपासले. तीस वर्षांच्या वाढत्या वयाने ती क्षमता जेवढी घटवली होती, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांच्या पडून राहण्याने घटवली होती. मग त्यांना सहा महिने चालणं, जॉगिंग, सायकल असा हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम दिला, आणि वयाने नेलेली ती क्षमता भरून निघाली. पाचही पुरुषच होते, हे मला खटकतं. तरी दवाखान्यातून आल्या रात्री मी हीच गोष्ट मनाशी पुन्हा पुन्हा घोळवली.

पहिल्या रविवारी आतकरवाडीच्या पहिल्याच चढावर छाती भरून आली. पायथ्यापासून जवळपास सहाशे मीटरची चढण, आणि पूर्वी निम्म्या वाटेपर्यंत मी थांबतही नसे. आता काकडीच्या पहिल्या टोपलीपाशी दगडावर बसले. व्यायाम सुटला की रक्तातला द्रवभाग आधी कमी होतो. मग हृदय एका ठोक्याला कमी रक्त फेकतं आणि ती कसर ठोके वाढवून भरून काढतं. हे मला ठाऊक होतं, पण कानात धडधड चालू असताना ठाऊक असण्याचा उपयोग होत नाही. ताकवाल्या मावशींनी ओळखलं. "ताई, लई दिसांनी? आजारी व्हता का?" त्यांच्याकडे ताक प्यायले आणि तिथूनच परतले.

कुणी सांगत नाही म्हणून सांगते, खरा मार उतरताना बसतो. चढताना दम लागतो, तो बसलं की शमतो. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच वजन पेलतो आणि बऱ्याच दिवसांनी असं झालं की त्याला बारीक इजा होते. ते दुखणं त्या दिवशी जाणवतही नाही. मंगळवारी मला कमोडवर बसताना भिंत धरावी लागली. घाबरून सोडून देऊ नये. पुढच्या वेळी ते बरंच कमी होतं. मी मधे पर्वती टेकडीच्या पायऱ्या घेतल्या, त्याही उतरण्याचा सराव म्हणून.

आणखी एक. दम काही आठवड्यांत परत येतो, टाचेमागची शीर मात्र मागे राहते. दम आला म्हणून पाय आले असं धरू नका. माझी टाच अजून सकाळी उठल्यावर ठणकते.

जुन्या ग्रुपमधल्या मैत्रिणींना मी सांगितलं होतं, माझ्यासाठी थांबू नका, मला आता वेगाचं काही नाही, वर पोचले की झालं. तेव्हा ते मनापासून वाटत होतं. आता वर गडाच्या पुणे दरवाजापर्यंत पोचते, आणि तिथे त्या सरबताचे ग्लास संपवून माझी वाट बघत बसलेल्या दिसल्या की मला ते सहन होत नाही. त्या प्रेमाने थांबतात, "सावकाश ये गं" म्हणतात. मला सावकाश यायचं नाही. पूर्वी शेवटच्या वळणावर मी त्यांच्या पुढे असायचे. मला पुन्हा तिथे पुढे असायचं आहे, आणि टाच बरी झाली की त्यासाठी मी घड्याळ लावणार आहे.