नानांनी लावलेला सुरण

आश्विन लागला की भाजीबाजाराचा रंगच पालटतो. पावसाळाभर पालेभाज्यांनी मिरवून घेतलेले असते. आता मातीने माखलेली आडदांड मंडळी पाट्यांतून येऊन बसतात. रताळी, अळकुड्या, जांभळ्या गराचे कोनफळ, आणि एका कोपऱ्यात, कुणाशी बोलायचेच नाही असे ठरवून बसल्यासारखा सुरण! रताळ्याचे मला नेहमी नवल वाटते. मूळचे ते अमेरिकेतले; ज्ञानेश्वरांच्या काळी इकडे कुणी पाहिलेसुद्धा नव्हते. पण नवरात्राच्या उपासाला ते असे काही सोवळे होऊन बसले आहे, की जणू ऋषिमुनींच्या आश्रमातच वाढले! सुरण मात्र खरा इथला. वैद्यांनी त्याला ‘अर्शोघ्न’ म्हणून मान दिला. स्वयंपाकघरात मात्र त्याची धास्तीच.

हल्ली बाजारात न खाजणारा सुरण मिळतो. सोलला, चिरला, कुकरात घातला, झाले. आमच्या लहानपणचा गावठी सुरण इतका गरीब नव्हता. त्याच्या गरात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशाला टोचतात, हे मी पुढे पुस्तकात वाचले. आईने काहीच वाचले नव्हते. पण ती आधी हातांना कोपरापर्यंत खोबरेल चोळी, विळीवर सुरणाची जाड साल काढी, फोडी चिंचेच्या कोळात मीठ घालून तासभर बुडवून ठेवी, मग शिजवून ते पाणी ओतून टाकी. तेवढे झाले म्हणजे हिंग-मोहरीची फोडणी, भिजवलेले हरभरे, गूळ, दोन आमसुले आणि वरून मूठभर ओले खोबरे. काही फोडी ती बाजूला काढी. त्यांना तिखट-हळद लावून, तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर काप होत. मासे न खाणाऱ्या आमच्या घरात हे काप म्हणजे चैनीची परमावधी होती.

आमच्या गिरगावातल्या दोन खोल्यांत हा सुरण दरवर्षी रत्नागिरीकडच्या आमच्या गावाहून येई. पावसाळ्यात बंद पडलेली बोट सुरू झाली, की कुणीतरी भाऊच्या धक्क्यावर उतरे आणि आप्पाकाकांनी दिलेले गोणपाटाचे गाठोडे आमच्या दारात आणून टाकी. पण 1964 च्या गणपतीत नाना आणि आप्पाकाका विहिरीकडे जाणाऱ्या वाटेवरून भांडले. सख्खे भाऊ, आणि भांडण कशावरून, तर हातभर रुंदीच्या वाटेवरून! नाना चवथ्या दिवशीच मुंबईला परतले. पत्रे बंद झाली. 1965 साली गावाहून काहीच आले नाही. आईने बाजारातून सुरण आणला, तो नानांनी पानात नुसता बाजूला सारला.

1966 च्या दिवाळीला तीन-चार दिवस होते. मी नऊ वर्षांची होते. शेजारगावचा एक मुलगा गाठोडे घेऊन दारात उभा राहिला. आत मोठ्या परातीएवढा सुरण.

“परत ने तो,” नाना म्हणाले.

मुलगा गोंधळला. मग आठवून म्हणाला, “काकूंनी सांगितलंय, हा भाऊजींनी लावलेला आहे म्हणावं. चार पावसाळे झाले.”

नाना काही बोलले नाहीत. 1963 च्या मे महिन्यात सुट्टीवर गेले असताना त्यांनी परसात लिंबाएवढा गड्डा लावला होता, हे मलाही आठवत होते. शेण मी घातले होते. लहान गड्ड्यापासून लावलेला सुरण चांगला पोसायला तीन-चार वर्षे लागतात. म्हणजे भांडण झाले तेव्हा तो जमिनीत वाढतच होता आणि नंतरही आप्पाकाका त्याला राखत होते.

मुलाच्या हातावर आईने लाडू ठेवला आणि खोबरेलाची बाटली घेतली.

त्या दिवशी घाईत म्हणा, की मुद्दाम म्हणा, चिंच कमी पडली. भाजी घशाला किंचित खवखवली. मी रडवेली झाले. नानांनी दोन वेळा भाजी मागून घेतली, काप संपवले, वर ताकाचा पेला रिकामा केला आणि डोळे पुसले. सुरण खाजला म्हणून पुसले असतील. आईला मी हे पुढे कितीदा तरी विचारले; तिने चिंचेचा हिशेब शेवटपर्यंत दिला नाही.

रात्री दिवा मालवल्यावर नानांचा आवाज आला, “त्याला चिकटलेली पिल्लं टाकलीस का गं?”

“माळ्यावर रेतीत ठेवली आहेत.”

मे महिन्यात आम्ही गावी गेलो. नाना कुणाशी काही न बोलता ती पिल्ले घेऊन परसात गेले आणि कुदळ घालू लागले. थोड्या वेळाने आप्पाकाका शेणखताचे घमेले घेऊन आले आणि बाजूला उभे राहिले.

“उथळ झाला खड्डा,” ते म्हणाले.

नानांनी वर पाहिले नाही. त्यांनी खड्डा आणखी वीतभर खोल केला.