टाकी नदीपलीकडे

दोन फूट लांब, एक रुंद, एक उंच. माशांच्या दुकानातली सगळ्यांत साधी टाकी. काठोकाठ भरली तर साडेछप्पन्न लिटर पाणी मावतं, म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन साडेछप्पन्न किलो. वर काच, वाळू, दगड. म्हणून पाण्यासकट टाकी उचलू नये, अर्धी रिकामी करूनही नाही. पाणी हिंदकळलं की भार सांध्यातल्या सिलिकॉनवर येतो, आणि गळती लगेच दिसत नाही. टेबलाची फळी फुगायला लागली की कळते. नव्या जागी टाकीखाली थर्माकोलची शीट हवीच. ओट्यावरचा बारीक खडा रिकाम्या टाकीला काही करत नाही, भरलेल्या टाकीचा तळ मात्र तडकवतो.

*

अष्टमीतलं विहिरीचं घर सोडून रोह्यात फ्लॅटवर जायचं म्हणजे कुंडलिकेचा पूल ओलांडायचा, एवढंच. शेजारच्या वहिनी तशाच गेल्या. देव्हारा आधी, टाकी शेवटी. दोन-चार दिवसांत फोन.

“भाऊ, मासे वर येऊन तोंडं उघडतायत. कसलं तरी औषध सांगा ना.”

“फिल्टरचा स्पंज धुतलात?”

“हो तर! नव्या घरात घाण कशाला न्यायची? नळाखाली चकाचक केला. दगडपण ब्रशने घासले.”

निदान तिथेच झालं. आजारी पडला होता तो स्पंज. मासे फक्त त्याची लक्षणं दाखवत होते.

*

स्पंजातली ती तपकिरी ‘घाण’ म्हणजे टाकीचं यकृत. मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतो. जिवाणूंची एक जात त्याचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन विषारी, तिसरं बऱ्यापैकी निरुपद्रवी. दुसरं काम नायट्रोबॅक्टर करतो, असं पुस्तकांत वर्षानुवर्षं छापून येत होतं. १९९८ साली टिमोथी होवानेक आणि सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या टाक्या तपासल्या तेव्हा तिथे काम करताना सापडला नायट्रोस्पिरा. २०१५ मध्ये तर दोन्ही कामं एकट्याने उरकणारे नायट्रोस्पिरा सापडले. नावं काही असोत, ही वसाहत नव्याने बसायला तीन ते सहा आठवडे लागतात. नळाच्या क्लोरीनखाली तिचा बराच भाग चटकन मरू शकतो.

*

“जुनं पाणी सगळं नेलं होतं, तरी असं झालं,” हीही तक्रार ऐकू येते. जुन्या पाण्यात जिवाणू फार थोडे असतात. ते चिकटून राहतात स्पंजाला, वाळूला, दगडांना, काचेला. स्पंज टाकीच्याच पाण्यात बुडवून, झाकण उघडं ठेवलेल्या बादलीत न्यावा. बंद फिल्टरमध्ये कोंडला तर ऑक्सिजन संपतो आणि काही तासांत वसाहत गुदमरते.

तरीही निम्मं जुनं पाणी न्यावंच. जिवाणूंसाठी नाही, माशांसाठी: पाण्याची चव तीच राहते.

*

ही चव म्हणजे मुख्यतः पीएच आणि क्षार. कित्येक महिने फक्त आटलेल्या जागी पाणी ओतत राहिलं की टाकी हळूहळू आंबट होते, कारण अमोनिया पचवताना जिवाणू आम्ल तयार करतात. आपल्या भागातलं पाणी बहुतेक मऊ, आम्ल जिरवायची ताकद त्यात कमी. आंबट पाण्यात अमोनिया असूनही बाधत नाही, तो अमोनियमच्या रूपात बांधलेला असतो. २५ अंशांना आणि पीएच ७ ला त्यातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की पाच टक्क्यांच्या वर. म्हणजे अमोनिया तेवढाच, विष दहापट. घर बदलताना तीन-चतुर्थांश ताजं पाणी एकदम भरलं की नेमकं हेच होतं. पाणी आरशासारखं स्वच्छ दिसतं, आणि मासे तडफडतात.

*

कुंडलिकेचं पाणी तरी कुठे मूळचं इथलं? मुळशी धरणात अडवलेलं मुळेचं पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात उतरतं आणि तिथून नदीला मिळतं. टाटांचं हे वीजघर १९२७ पासून चालू आहे. भीमेच्या खोऱ्यातून बंगालच्या उपसागराकडे निघालेलं पाणी रेवदंड्याच्या खाडीला जातं. कोलाडला ऐन उन्हाळ्यात राफ्टिंग चालतं तेही याच्याच जोरावर. धरणग्रस्तांच्या मुळशी सत्याग्रहाने सेनापती बापट हे नाव घराघरांत नेलं. त्यामानाने एका टाकीचं स्थलांतर ते काय!

*

पावसाळ्यात नळाच्या पाण्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकताना हात सैल सुटतो, आणि सुटायलाच हवा. कावीळ-गॅस्ट्रोपेक्षा क्लोरीनचा वास बरा. पिण्याच्या पाण्यात नळापर्यंत लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन उरावं असं भारतीय मानक सांगतं. माशाच्या कल्ल्यांना इजा करायला त्याहून कितीतरी कमी क्लोरीन पुरतं. उपाय स्वस्त आहे: बादली एक दिवस उघडी ठेवायची, त्यात हवेचा दगड सोडायचा. घाई असेल तर हायपो. फोटोग्राफर डार्करूममध्ये वापरत ते हेच खडे. एका बादलीला दोन-चार बारीक खडे पुष्कळ.

*

प्रवासाची पिशवी. एक भाग पाणी, दोन भाग हवा. दुकानदार सिलिंडरमधला ऑक्सिजन भरून देतो. निघण्याच्या आदल्या दिवशी खाणं बंद, म्हणजे वाटेत घाण कमी. पिशवीवर अंधार, म्हणजे मासा शांत.

पूल ओलांडण्याएवढं अंतर असेल तर नवं पाणी पिशवीत थोडं-थोडं मिसळत अर्धा तास काढावा. मुंबईहून, कुर्ल्याच्या बाजारातून आणलेल्या माशांना मात्र तसं करू नये. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साचून पीएच उतरलेला असतो, अमोनिया झोपलेला असतो. पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच चढतो, अमोनिया जागा होतो. तेव्हा बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवून तापमान जुळवावं, मग उघडून मासे जाळीने टाकीत. पिशवीतलं पाणी मोरीत.

*

प्रवासाने मासा आजारी पडतो, हे अर्धंच खरं. जूनच्या पहिल्या लोंढ्यात वलगणीचे मासे नदीतून ओढ्यात, ओढ्यातून वहाळात, वहाळातून भातखाचरांत चढतात. गढूळ पाणी, दगडांचा मार, वर टपून बसलेली माणसं. त्यातून वाचलेला मासा वर जाऊन अंडी घालतो. जाळीत पकडला गेलेला, पिशवीत कोंडलेला मासाही भेदरतो, कॉर्टिसॉल वाढतं, प्रतिकारशक्ती काही दिवस उतरते. पण पाणी चांगलं मिळालं तर सावरतो. फरक एवढाच की वलगणीच्या माशाला वाईट पाण्यातून निघून जाता येतं. टाकीतला कुठे जाणार?

*

तेव्हा धापा टाकणाऱ्या माशांसाठी क्रम असा. आधी हवा: पंप पूर्ण जोरात, पाण्याचा पृष्ठभाग हलता. मग पाणी: चौथा हिस्सा काढून तितकंच, त्याच तापमानाचं, क्लोरीन उडालेलं भरायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. खाणं बंद किंवा चिमूटभर. धडधाकट मोठा मासा आठवडाभर उपाशी राहू शकतो, आणि जे टाकीत पडतच नाही त्याचा अमोनिया होत नाही. दिवा बंद. ओळखीच्या कुणाकडे निरोगी, जुनी टाकी असेल तर तिच्या स्पंजाचा तुकडा मागून आपल्या फिल्टरमध्ये ठेवायचा. या मागितलेल्या तुकड्याइतकं गुणकारी औषध बाटलीत मिळत नाही. थेंब टाकून रंग बघायचं अमोनियाचं किट असेल तर उत्तम. वासावरून अंदाज करू नये. वास येईपर्यंत उशीर झालेला असतो.

औषधाची बाटली या यादीत नाही.

*

मीठ मात्र आहे. गोड्या पाण्यातल्या माशाचं रक्त बाहेरच्या पाण्यापेक्षा खारट, त्यामुळे पाणी सतत आत शिरतं आणि क्षार बाहेर झिरपतात. हा तोल राखण्यात माशाची बरीच शक्ती जाते. भेदरलेल्या माशाचे क्षार जास्तच गळतात. पाण्यात लिटरला एक ग्रॅम मीठ पडलं की काम हलकं होतं. दुसरा फायदा नायट्राइटवर: ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करतं, रक्त तपकिरी होतं, भरपूर हवेतही मासा गुदमरतो. मिठातलं क्लोराइड कल्ल्याच्या दारात नायट्राइटची वाट अडवतं.

पेणच्या खाडीकाठच्या मिठागरांचं खडे मीठ चालतं. आधी वेगळ्या भांड्यात विरघळवून, चिखल गाळून, दिवसभरात दोन-तीन हप्त्यांत घालावं. मीठ उडून जात नाही. पाणी बदलताना जेवढं पाणी काढलं तेवढ्यापुरतंच नवं मीठ. पाणवनस्पती, आणि खवले नसलेले मांजरमासे असतील तर हात आखडता.

*

आठवड्याभराने अंगावर रव्याच्या कणाएवढे पांढरे ठिपके, दगडाला अंग घासणं. हा ‘इक’: इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस. ठिपका म्हणजे कातडीखाली बसून माशाला खाणारा एकपेशी जीव. तिथे त्याला कुठलंही औषध पोचत नाही. पोट भरलं की तो गळून तळाशी जातो, कवच करतो, आत शेकडो पिल्लं होतात. ती बाहेर पडून मासा शोधत पोहतात, तेव्हाच ती औषधाला किंवा मिठाला बळी पडतात. पण ठिपके गेले की लोक उपचार थांबवतात, आणि रोग दुप्पट जोराने परततो. मीठ लिटरला दोन-तीन ग्रॅमपर्यंत हळूहळू न्यावं, शेवटचा ठिपका गेल्यावरही आठवडाभर ठेवावं, आणि तळाची वाळू रोज नळीने उपसावी.

*

परदेशी पुस्तकं सांगतात, इक झाला की हीटर लावून पाणी तीस अंशांवर न्या. आपल्याकडे मे महिन्यात ते आपोआप तिथे असतं. आपला इक येतो पावसाळ्यात आणि डिसेंबर-जानेवारीत, रात्री पाणी झपकन उतरतं तेव्हा. घर त्याच दिवसांत बदललं तर हीटर आधीपासून लावलेला बरा.

उष्णतेची दुसरी बाजू: २० अंशांच्या पाण्यात लिटरला ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० ला साडेसात. तापमान वाढवायचं तर हवाही वाढवा. आणि तोंडाशी किंवा पाठीवर कापसासारखे पांढरे पुंजके असतील तर तो इक नाही. बहुधा कॉलमनॅरिस, जिवाणूंचा रोग. तो उष्णतेत भडकतो. निळी बाटली हातात घेण्याआधी भिंग हातात घ्यावं.

*

निळी बाटली म्हणजे मेथिलीन ब्लू. १८९१ मध्ये पॉल एर्लिखने हेच हिवतापाच्या रुग्णांना दिलं होतं. बुरशी लागलेल्या अंड्यांना, जखमेला ते चांगलं. पण वेगळ्या टबात. मुख्य टाकीत ओतलं तर बुरशीबरोबर स्पंजातली वसाहतही जाते, आणि सांध्याचं सिलिकॉन कायमचं निळं होतं.

मेडिकलमधून आणलेल्या माणसाच्या टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल फोडून टाकणारे तर रोगाच्या जिवाणूंआधी सफाई कामगार मारतात. शिवाय ते पाणी मोरीतून गटारात जातं, आणि तिथले जंतू औषध पचवायला शिकतात.

*

माशांच्या मोठ्या घरांनाही वसाहत जपण्याचा हाच नियम. मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये उघडलं. पुढे नूतनीकरणासाठी बंद राहिलं आणि २०१५ मध्ये अॅक्रिलिकचा बोगदा घेऊन परत सुरू झालं. बघणाऱ्याला बोगदा दिसायचा. पण नवी टाकी दोन फुटी असो की हॉलएवढी, क्रम एकच: आधी पाणी, मग जिवाणू, सगळ्यांत शेवटी मासे. आपण सामान लावण्याच्या गडबडीत तो उलटा करतो.

*

खवले ताठ उभे राहिलेला, अंग फुगलेला, कुशीवर पडून राहिलेला मासा क्वचितच वाचतो. त्याला संडासात सोडून देणं किंवा फ्रिजमध्ये ठेवणं ही दया नाही. दातदुखीवरचं लवंगेचं तेल कोमट पाण्याच्या छोट्या बाटलीत जोरात हलवून, मासा वेगळ्या भांड्यात ठेवून त्यात थोडं-थोडं घातलं की तो आधी झोपतो. मग आणखी घालावं, आणि कल्ले थांबल्यावरही अर्धा तास तसाच ठेवावा.

आणि कंटाळा आला म्हणून कुंडलिकेत सोडणंही नको. उजनीत चिलापीने काय केलं ते भीमेकाठच्या मच्छीमारांना विचारावं. काचेवरचं शेवाळ खाणारा गोंडस सकर देशातल्या अनेक नद्या-तलावांत घर करून बसला आहे. टाकीतल्या माशांपैकी सरकारी नोकरी फक्त गप्पीला: आरोग्य खातं त्याला डासांच्या अळ्या खायला हौदांत आणि डबक्यांत सोडतं. नदीत त्याचीही नेमणूक नाही.

*

एक-दोन मासे गेले की लगेच दुकानात जाऊन जोडी पुरी करायची इच्छा होते, मुलं तर हट्टच धरतात. नवा मासा नवा इक घेऊन येऊ शकतो, आणि अर्धवट बसलेल्या वसाहतीवर अमोनियाचा बोजा हमखास वाढवतो. निदान महिनाभर थांबावं; मग आणला तरी तो आधी दोन-तीन आठवडे टबात वेगळा ठेवावा. टाकीतली रिकामी जागा खुपते ती आपल्याला. उरलेल्या माशांच्या वाट्याला तेवढंच पाणी जास्त येतं.