सवचे गरम झरे आणि डॉक्टर होणारी आपली मुले

महाडला आपल्या समाजातील बहुतेक कुटुंबे एकदा तरी जाऊन आलेली असतात. चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरायच्या, १९२७ साली त्या पाण्याला हात लावण्यासाठी आपल्या आजोबा-पणजोबांना काय सोसावे लागले ते मुलांना सांगायचे, आणि संध्याकाळची एस.टी. पकडून परतायचे, असा नेहमीचा रिवाज. फार तर कोणी गांधारपाल्याची लेणी पाहून येतो. परंतु त्याच महाड तालुक्यात सव नावाचे गाव आहे आणि तेथे जमिनीतून गरम पाण्याचे झरे वाहतात, हे कित्येकांना ठाऊक नसते. मागच्या हिवाळ्यात आम्ही वस्तीतील चार कुटुंबे मिळून तिकडे गेलो. त्या सहलीतून जो विषय निघाला तो घरोघरी बोलण्यासारखा आहे, म्हणून हा लेख.

सव हे कोकणातल्या इतर खेड्यांसारखेच खेडे. सावित्री नदीचा परिसर, भातशेती, लाल माती, उतरत्या छपरांची घरे. सकाळच्या गारव्यात झऱ्याच्या पाण्यावर वाफ दिसते आणि गंधकाचा वास नाकाला लागतो. सांधे धरलेली म्हातारी माणसे, अंगाला खाज-खरूज असलेले लोक अशा झऱ्यांवर आंघोळीला येतात. आमच्याबरोबरच्या दोन आजींनी तर गुडघे बुडवून बसण्याची जागा आधीच हेरून ठेवली होती.

आमच्याबरोबर वस्तीतील एक मुलगीही होती. ती एम.बी.बी.एस.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. वडील नगरपालिकेत सफाई खात्यात, आई घरकाम करते. वस्तीतून डॉक्टरकीला गेलेली ती पहिलीच. आजींना पाण्यात उतरताना पाहून ती पटकन म्हणाली, "आजी, आधी हाताच्या कोपराने पाणी बघा. तुम्हांला साखर आहे ना? पायाला चटका कळणार नाही." मग तिने आम्हांला समजावून सांगितले, ते असे. गरम पाण्याने स्नायू सैल होतात, सांध्याचे दुखणे काही वेळ हलके होते, हे खरे. पण मधुमेहात किंवा कुष्ठरोगात पायाची संवेदना गेलेली असते. अशा माणसाला पाणी किती कढत आहे ते समजत नाही, पाय भाजतो आणि जखम चिघळते. उघडी जखम घेऊन तर पाण्यात उतरूच नये. आणि कुष्ठरोग पाण्याने बरा होत नाही. तो बहुविध औषधोपचाराने सहा किंवा बारा महिन्यांत बरा होतो आणि ती औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. एवढे ऐकून आजींनी पाय बाहेर काढला, कोपर बुडवले आणि मगच बसल्या.

परतताना तिने आम्हांला बाजूला घेऊन विचारले, "काका, एक सांगा. आमच्या कॉलेजातली काही मुलं सुट्टीत चार आठवड्यांसाठी परदेशातल्या हॉस्पिटलात जातात. मलाही जावंसं वाटतं. बाबा म्हणतात, चार आठवड्यांत काय शिकणार, आणि कर्ज काढायचं ते कशासाठी?"

बापाचा प्रश्न रास्त आहे. तो झटकून टाकण्यासारखा नाही, आणि मुलीची इच्छाही थट्टेवारी नेण्यासारखी नाही. म्हणून आम्ही थोडी माहिती गोळा केली, ती वाचकांपुढे ठेवतो.

वैद्यकीय विद्यार्थ्यांची अशी देवाणघेवाण आजची नाही. दुसरे महायुद्ध संपल्यावर १९५१ साली कोपनहेगन येथे वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. 'इफ्मसा' या आद्याक्षरी नावाने तो ओळखला जातो. भारतातर्फे त्यात मेडिकल स्टुडंट्स असोसिएशन ऑफ इंडिया ही विद्यार्थ्यांची संघटना आहे. पद्धत साधी आहे. आपल्याकडचा एक विद्यार्थी तिकडे गेला की तिकडचा एक इकडे येतो. मुक्काम साधारण चार आठवड्यांचा. राहण्याची सोय आणि दिवसातून निदान एक जेवण यजमान देशाची संघटना पाहते. विमानाचे भाडे, व्हिसा, विमा आणि देवाणघेवाणीची फी विद्यार्थ्याने भरायची. तेथे एखाद्या विभागात, म्हणजे शस्त्रक्रिया, बालरोग किंवा औषधशास्त्र अशा ठिकाणी, वरिष्ठ डॉक्टरांच्या हाताखाली राहायचे, रुग्ण पाहायचे, प्रश्न विचारायचे. याशिवाय ब्रिटनसारख्या देशांत शेवटच्या वर्षांतील विद्यार्थी काही आठवडे स्वतःच्या पसंतीच्या ठिकाणी घालवतात. त्यांतले कित्येक भारतात येतात.

पालकांनी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. यातून पदवी मिळत नाही, नोकरी मिळत नाही, तिकडे डॉक्टरकी करण्याचा परवानाही मिळत नाही. परदेशात जाऊन संपूर्ण एम.बी.बी.एस. करणे ही अगदी वेगळी गोष्ट. तसे करून आलेल्यांना येथे परवान्यासाठी वेगळी परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. या दोन गोष्टींची गल्लत करून देणारे दलाल बाजारात पुष्कळ आहेत. चकचकीत कागद, परदेशी इमारतीचा फोटो आणि शेवटी लाखांचा आकडा, अशी त्यांची रीत असते.

मग चार आठवड्यांत मिळते काय? याचे उत्तर महाडनेच दिले आहे, असे आम्हांला वाटते.

१९७६ साली जालना जिल्ह्यातील एका गरीब शेतकरी घरातला तरुण डॉक्टर महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला आला. त्यांचे नाव डॉ. हिंमतराव बावस्कर. त्या काळी कोकणात लाल विंचू चावला की घरात रडारड सुरू होई. विंचवाचे विष शरीरातील नसांना असे काही चेतवते की आधी दरदरून घाम सुटतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो. मग हृदय थकते आणि फुफ्फुसात पाणी साचून माणूस गुदमरतो. गंभीर दंश झालेल्या शंभरांतले तीस-चाळीस दगावत. भातशेतीत, गवतात, लाकडाच्या ढिगात राबणारा माणूस आणि त्याची पोरे यांनाच हा विंचू चावे, हे वेगळे सांगायला नको.

पुस्तकांत यावर धड उपाय नव्हता. डॉ. बावस्करांनी रुग्णाच्या खाटेशी रात्र-रात्र बसून नाडी, रक्तदाब, घाम यांच्या नोंदी केल्या. त्यांचे निरीक्षण १९८२ साली इंग्लंडच्या 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. पुढे रक्तदाबावरचे प्राझोसिन हे स्वस्त औषध विंचूदंशावर लागू पडते, असे त्यांनी व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी दाखवून दिले. तो निबंधही १९८६ साली 'लॅन्सेट'मध्येच आला. मृत्यूचे प्रमाण शंभरात एक-दोनपर्यंत खाली आले. २०११ साली महाडमधील ७० रुग्णांवरचा त्यांचा अभ्यास 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने छापला. नुसत्या प्राझोसिनपेक्षा त्याच्या जोडीला विंचूदंशावरचे प्रतिविष दिले तर रुग्ण लवकर सावरतो, असे त्यात दिसले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आता पाहा, ज्या तालुक्यात मेडिकल कॉलेज नाही, जिल्ह्याचे सरकारी मेडिकल कॉलेजसुद्धा अलिबागला २०२१-२२ मध्ये सुरू झाले, तेथून लंडनला विद्या गेली. तिकडच्या डॉक्टरांनी ती वाचली आणि इतर देशांतले डॉक्टरही विंचूदंशावर प्राझोसिन वापरू लागले. म्हणजे शिकवणारे सगळे गोऱ्या लोकांच्या देशात आणि शिकणारे आपण, हा समज खोटा आहे. देवाणघेवाण म्हणतात ती याला. नुसते घेणे असेल तर ती देवाणघेवाण कसली?

दुसरे उदाहरण जामखेडचे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले आणि १९७० साली अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेडला काम उभे केले. गावातील बायाच निवडून त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या तयार केल्या. त्यांत निरक्षर होत्या, दलित होत्या, नवऱ्याने टाकलेल्याही होत्या. बाळंतपण, जुलाब, क्षय, कुष्ठ यांवर त्यांनी गावोगावी काम केले. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. देशोदेशींचे डॉक्टर आणि विद्यार्थी जामखेडला शिकायला येऊ लागले, आणि त्यांना शिकवायला उभ्या राहिल्या त्या याच बाया. ज्यांच्या हातचे पाणी गाव घेत नव्हते, त्यांच्यापुढे परदेशी विद्यार्थी वही उघडून बसले. याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते?

तेव्हा मुलीला आम्ही सांगितले ते असे. तू जरूर जा, पण रिकाम्या हाताने जाऊ नको. लाल विंचवाची हकिगत, सापाच्या दंशाचे रुग्ण, पुरानंतर येणारा लेप्टोचा ताप हे तू पाहिलेले असेल तर तिकडच्या विद्यार्थ्याला तू सांगशील आणि तो ऐकेल. २०२१ च्या जुलैत महाड पुरात बुडाले, तळियेवर दरड कोसळली, त्यानंतरचे आरोग्याचे काम कसे असते हे येथल्या परिचारिकांना विचार. तिकडून तू काय आण? रुग्णाशी बोलण्याची रीत, नोंदी ठेवण्याची शिस्त, हात धुण्याची सवय, आणि रुग्णाला विचारल्याशिवाय त्याच्या अंगाला हात न लावण्याचा दंडक.

या शेवटच्या गोष्टीवर आमचा विशेष भर आहे. सरकारी रुग्णालयाच्या खाटेवर कोण असते? आपलीच आई, आपलाच भाऊ. विद्यार्थी तेथे शिकतात, त्याला आमची ना नाही; त्याशिवाय डॉक्टर घडणार कसे? पण जे काम विद्यार्थ्याला स्वतःच्या देशात करू देत नाहीत, ते दुसऱ्या देशातल्या गरिबाच्या अंगावर करून पाहणे हा अन्याय आहे. परदेशी विद्यार्थी येथे आला असता टाके घालू का, बाळंतपण करू का म्हणाला, तर त्याच्या शेजारी वरिष्ठ डॉक्टर हवा आणि रुग्णाची संमती हवी. आपली मुलगी तिकडे गेली तरी नियम तोच. गरिबाचे शरीर सरावाची फळी नव्हे, हे आपल्या मुलांना तरी सांगावे लागू नये.

पालकांनी पैसे भरण्याआधी काही प्रश्न विचारावेत. यजमान रुग्णालयाचे स्वतःचे पत्र आहे काय? देखरेख करणाऱ्या डॉक्टरांचे नाव त्यात आहे काय? नुसते पाहायचे आहे की काम करायचे आहे? आपल्या कॉलेजने लेखी परवानगी दिली आहे काय? हजेरी बुडून परीक्षेला अडचण तर येणार नाही? आजारपणाचा विमा आहे काय? कावीळ-बच्या लसी झाल्या आहेत काय? दूषित सुई टोचली तर एच.आय.व्ही. टाळण्याची औषधे लवकरात लवकर, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. ती तेथे मिळतील काय आणि खर्च कोण करील? यांतील एकाही प्रश्नाला तोंडी "होऊन जाईल" असे उत्तर आले तर पैसे खिशातच ठेवावेत.

कर्जाविषयीही स्पष्ट बोलतो. चार आठवड्यांसाठी घर गहाण टाकू नये, दागिना मोडू नये. राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती किंवा केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आपल्या मुलांसाठी आहे, परंतु ती पदव्युत्तर शिक्षण व पीएच.डी.साठी. या छोट्या मुक्कामाला ती मिळत नाही. म्हणून ज्याची ऐपत नाही त्याने मन लहान करू नये. जामखेडसारख्या ठिकाणी आपल्याच राज्यात शिकता येते, आणि पदवीनंतर शिष्यवृत्ती घेऊन मानाने परदेशी जाता येते. ज्या वस्तीत दहा घरांनी शंभर-शंभर रुपये महिन्याला बाजूला टाकले तर वर्षाला बारा हजार जमतात, तेथे निदान एका विद्यार्थ्याची पुस्तके, प्रवास आणि परीक्षेची फी भागते. लग्नातल्या मांडवावर आपण याहून जास्त घालवतो.

त्या मुलीने घाई न करण्याचे ठरवले आहे. यंदाच्या सुट्टीत ती एका ग्रामीण रुग्णालयात बसून विंचू आणि सर्पदंशाच्या नोंदी कशा ठेवतात ते पाहणार आहे, आणि पुढच्या वर्षी कॉलेजमार्फत देवाणघेवाणीचा अर्ज करणार आहे. वडिलांनी त्याला होकार दिला आहे. आपल्या घरात, नात्यात कोणी डॉक्टरकी शिकत असेल तर हा अंक त्याच्या हाती द्यावा, आणि पुढल्या वेळी महाडला जाल तेव्हा अर्धा दिवस सवसाठी राखून ठेवावा. पाण्यात उतरण्याआधी कोपर बुडवायला मात्र विसरू नये.