दाढेचा हिशोब

खालची, उजव्या बाजूची दाढ. २०२४ चा पावसाळा आणि रात्रपाळीचा आठवडा. सूतगिरणीत रिंग फ्रेमवर मी सायडर आहे. तार तुटली की फिरत्या चातीवर बोटानं सांधायची, पुढं सरकायचं, परत मागं यायचं. खात्यात आवाज एवढा, की शेजारच्याला काही सांगायचं तर कानाला तोंड लावावं लागतं. त्या आवाजातही मला माझी दाढ ऐकू येत होती.

डॉफर म्हणाला, "भावा, लवंग धर." दुसरा म्हणाला, "लवंगेनं काय हुतंय, तंबाखू धर दाढंखाली. बधिर हुतंय सगळं." आमच्या खात्यात निम्म्या लोकांची तंबाखू अशीच सुरू झालेली आहे. दुखणं म्हणून धरली आणि मग सुटली नाही. मी लवंग धरली. सकाळी सातला पाळी सुटली, घरी येऊन आडवा झालो, तर दुखणं दुप्पट. पुढं मला कळलं ते असं की, कीड दाताच्या आतल्या शिरेपर्यंत गेली की ती शीर सुजते. वरनं दगडासारखं कवच, आत सुजायला जागा नाही. आडवं झालं की रक्ताचा दाब डोक्याकडं वाढतो आणि ठणका मारतो. म्हणून दाढ झोपताना खाते.

गिरणी कामगार म्हटलं की लोक मला अजून परळ-लालबाग विचारतात. तिथला संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. आमची गिरणी इचलकरंजीच्या बाजूला. रोज ५०० रुपये, सव्वीस हजेऱ्या भरल्या तर १३,००० आणि एकही खाडा नसेल तर वर ६०० हजेरी बक्षीस. हे आकडे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहेत.

पहिल्यांदा विम्याच्या पॅनेलच्या डॉक्टरकडं गेलो. पगारातनं विम्याचे पाऊण टक्का कापतात, मालक सव्वातीन टक्के भरतो. २०१९ च्या जुलैपासनं हा दर आहे. म्हणजे माझे ९८ आणि त्याचे ४२३, महिन्याला ५२१ रुपये माझ्या नावानं जातात. डॉक्टर भला माणूस. गोळ्या दिल्या. म्हणाला, "दाताचं काम इथं होत नाही. मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी देतो, जा." चिठ्ठी खिशात घेऊन मी विचारलं, खाडा पडला तर विमा पगार देतो ना? देतो, ७० टक्के देतो. पण आजारपणाचे पहिले दोन दिवस त्यात धरत नाहीत. आणि दाताचं दुखणं कधी सलग नसतं. आज एक दिवस, पंधरवड्यानं एक दिवस. दोन दिवसांच्या आत बसणारं दुखणं आपल्या अंगावरच. ती चिठ्ठी मी वापरली नाही. चूक माझी म्हणा, पण आणखी एक खाडा कुठनं आणायचा?

मग खाजगी. बाजारपेठेत जिन्यावर दवाखाना, काचेचा दरवाजा, आत चपला काढायच्या. डॉक्टर माझ्याच वयाचा असेल. फोटो काढला आणि कागदावर लिहून दिलं. दाढ काढायची तर ६००. वाचवायची तर रूट कॅनाल ४,०००, वर कॅप ३,५००. म्हणजे साडेसात हजार. पंधरा दिवसांचा रोज एका दाढेला. "घाई नाही, विचार करून सांगा," म्हणाला. त्याच्यावर माझा राग नाही. ती खुर्ची, ती मशिनं, गाळ्याचं भाडं, त्याच्या शिक्षणाचं कर्ज, सगळं रोग्याच्या तोंडातनंच निघणार. पण बघा, काढायचे ६०० आणि वाचवायचे ७,५००. त्या कागदावर गरिबाला कुठली रेघ दिसणार? डॉक्टरनं तोंडानं सांगितलं, दाढ वाचवा. कागद सांगत होता, काढा.

आमच्या घरात कागदाचंच ऐकलं गेलंय. बाप पॉवरलूमवर होता. धोट्यात नवी कांडी घातली की भोकाला तोंड लावून धागा ओढून घ्यायचा. दिवसातनं किती वेळा, मोजदाद नाही. दुखला दात की काढ, आठवडी बाजारात चादर टाकून बसलेल्या दातवाल्याकडं काढ, अशा पद्धतीनं बापाचं तोंड पन्नाशीच्या आत रिकामं झालं. आई कांड्या भरायला जाते. तव्यावर तंबाखू भाजून तिची मिसरी होते आणि सकाळ-संध्याकाळ बोटानं दातावर फिरते. मिसरी म्हणजे तंबाखूच, हे तिला सांगून माझी जीभ झिजली. "मग दात कशानं घासू, तुझ्या कवितेनं?" म्हणते. तिचे दात काळे होऊन, हलून, एकेक करत गेले. दर वेळी काढणंच स्वस्त पडलं. आता खाली चार उरलेत.

आईचं बघून मला सरकारी दवाखाना आठवला. तिचे शेवटचे दोन दात ग्रामीण रुग्णालयात काढले होते, एक पैसा पडला नव्हता. हे आपल्या माणसांना नीट माहीत नसतं म्हणून सांगतो. १५ ऑगस्ट २०२३ पासनं राज्याच्या सार्वजनिक आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक केंद्र, ग्रामीण, उपजिल्हा, जिल्हा रुग्णालय, इथं केसपेपरसुद्धा फुकट आहे. पण सरकारी मेडिकल कॉलेजचा दवाखाना वेगळ्या खात्याचा. तिथं ही फुकटाई नाही, दर कमी असतात पण असतात. बाहेरनं दोन्ही सारखेच 'सरकारी' दिसतात आणि आपला माणूस खिडकीपाशी भांडत बसतो.

तर ग्रामीणमध्ये गेलो. दाताच्या डॉक्टरीणबाई होत्या. बघून म्हणाल्या, "काढून देते आत्ता. थोडी कीड असती तर भरून दिली असती. पण रूट कॅनाल इथं होणार नाही." फुले योजनेचं कार्ड दाखवलं. त्यांना हसू आलं. जबडा मोडला तर त्या योजनेत बसतं, किडलेली दाढ बसत नाही. मी म्हटलं, उद्या सांगतो, आणि उठलो.

बाहेर पिंपळाच्या पारावर बसून हिशोब केला. ओ.पी.डी. सकाळची. त्या आठवड्यात मी पहिल्या पाळीला. म्हणजे फुकट दाढ काढायला एक खाडा, ५०० गेले. खाडा पडला म्हणून हजेरी बक्षीस ६०० गेलं. एस.टी. ४०. एकूण १,१४०. आणि काचेच्या दरवाजात संध्याकाळी, पाळी सुटल्यावर, खाडा न करता, ६००. फुकटची दाढ ११४० ला, विकतची ६०० ला. मी तीनदा बेरीज केली. च्यायला, सातवी नापास माणूस, म्हटलं आपलंच काहीतरी चुकतंय. चुकत नव्हतं. सरकारनं दर शून्य केला, पण घड्याळ साहेब लोकांचंच ठेवलं.

त्या दिवशीचा खाडा तर पडलाच होता. दाढ अजून तोंडात होती.

तिसरी वाट खात्यातल्या एका फिटरनं सांगितली. दाताच्या डॉक्टरकीचं खाजगी कॉलेज, एस.टी.नं तासाभरावर. तिथं शिकणाऱ्यांना रोगी लागतात. ठरावीक कामं पुरी केल्याशिवाय त्यांना परीक्षेला बसता येत नाही. म्हणून दर कमी. पुढच्या रात्रपाळीच्या आठवड्यात सातला सुटलो आणि घरी न जाता तसाच, अंगावर रुई घेऊन, एस.टी.त बसलो.

मोठा हॉल. ओळीनं खुर्च्या, प्रत्येक खुर्चीवर आ वासलेला एक माणूस. शेतमजूर, भाजीवाल्या, म्हातारे, शाळेतली पोरं. काचेच्या दरवाजात मी एकटा होतो, इथं सगळे आपले. मला एम.डी.एस. करणारी एक मुलगी मिळाली. भूल दिली, दाढेला भोक पाडलं, केसाएवढ्या बारीक सुया आत घालून घासायला लागली. एका दाढेत तीन नळ्या. प्रत्येक नळीची लांबी मोजायची, कुजलेली शीर काढायची, धुवायची. दर टप्प्याला सर येऊन बघणार, मग पुढं. अडीच तास. तिला माझी दाढ पाहिजे होती, मला तिचे हात. सौदा सरळ होता. कुणी कुणावर उपकार करत नव्हतं, म्हणून मला तिथं बरं वाटलं.

मध्येच ती म्हणाली, "दादा, चूळ भरा." शेजारी पांढरंशुभ्र भांडं, त्यात आपोआप गोल फिरणारं पाणी. मी थुंकलो. रक्त, चुरा, लाळ, सगळं पाण्यानं नेलं. ती परत हात घालायला तयार. आणि मला एकदम आज्जा आठवला. आज्ज्याची दाढ सुजली तेव्हा गावच्या वैद्यानं पाला लांबनं टाकला होता, तोंडात बघितलंच नव्हतं. पाणीही त्याला वरनंच ओतायचे. त्याच्याही मागं गेलं तर पेशवाईत थुंकायला गळ्यात मडकं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडला तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं ते ह्याच तोंडासाठी. आणि आज कुणाची कोण पोरगी, आडनाव न विचारता, माझ्या किडक्या तोंडात दोन बोटं घालून बसली होती. भूल दिलेल्या गालावरनं पाणी आलं ते मला कळलंही नाही. तिनंच पुसलं. "दुखतंय का?" मी मान हलवून नाही म्हटलं. तोंडात एवढं सामान असताना काय सांगणार?

हातमोजे होते, हे मला दिसत होतं. ते सगळ्यांसाठीच होते, हेही दिसत होतं.

एकूण चार खेपा झाल्या. दोन रात्रपाळीत बसवल्या, झोप मोडून. त्यातल्या एका रात्री चालता चालता डुलकी लागली आणि जॉबरनं खांद्याला धरून मागं ओढलं. पुढं काय झालं असतं ते बोलायला नको. उरलेल्या दोन खेपांना खाडा, नशिबानं दोन्ही एकाच महिन्यात, म्हणून बक्षीस एकदाच बुडालं. मांडून बघा. कॉलेजचे सगळे मिळून १,१००. एस.टी. चार वेळा १४०, झाले ५६०. रोज बुडाला १,०००. बक्षीस ६००. बेरीज ३,२६०. काचेच्या दरवाजात ४,०००. राहिले ७४०. दोन दिवसांची झोप विकून मी ७४० रुपये कमावले.

आणि कॅप राहिलीच. शीर काढलेली दाढ ठिसूळ होते, वरनं टोपण बसवलं नाही तर एखाद्या दिवशी हरभरा चावताना उभी चिरते आणि मग काढावीच लागते, हे त्या मुलीनं मला चित्र काढून समजावलं. कॉलेजात साधी धातूची कॅप १,५०० ला. तिला अजून दोन खेपा.

शेवटच्या खेपेला आईला बरोबर नेलं होतं. १७ मार्च २०२३ पासनं बायकांना एस.टी.चं अर्धं तिकीट आहे, ती त्यावर खूश असते. त्याच मुलीनं आईचं तोंड बघितलं. मिसरीवरनं तिला माझ्यापेक्षा जास्त रागावली, आणि आईनं ऐकूनही घेतलं. गालाच्या आत पांढरा चट्टा आहे का, हे बॅटरीनं फिरवून फिरवून बघितलं. नाही म्हणाली, पण सहा महिन्यांनी परत दाखवा. मग कवळीचा दर सांगितला. कॉलेजात वरची-खालची मिळून ४,०००. खेपा पाच.

दात काढायला आईला एक पैसा पडला नव्हता. ते परत बसवायला चार हजार आणि पाच दिवसांच्या कांड्या.

घरी येताना एस.टी.त ती म्हणाली, "बचत गटाचे दीड हजार निघत्यात. तुझ्या दाढंला टोपण घाल."

"तुझी कवळी आधी."

"मी काय खाती? भाकरी आमटीत कुस्करली की झालं. तू तरणा हाईस. तुला अजून लई चावायचं हाय."

"आई, तू बोलताना लोकांना कळत नाही आता."

"तुला कळतंय न्हवं?"

यावर मी काही बोललो नाही. दोन्ही दर मी कवितेच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलेत. शेजारी पाळ्यांचं वेळापत्रक. तिच्या पाच खेपा आणि माझ्या दोन, सात होतात. माझ्या रात्रपाळीचे आठवडे महिन्यात एक, फार तर दोन. तिच्या खेपांना मी बरोबर गेलो पाहिजे, कारण तिला फॉर्म भरता येत नाही. सोमवारपासनं परत रात्रपाळी आहे. तोवर मी डाव्या बाजूनं चावतोय.